नवख्या स्टेज मॅनेजरांनो, या चुका टाळा

नवा स्टेज मॅनेजर भेटला की गाऱ्हाणं ठरलेलं असतं. दिग्दर्शक तापट आहे, मुख्य नट कुणाचं ऐकत नाही, आता मी काय करू? मी म्हणतो, आधी वही दाखव, नाटकाचं ठरलेलं सगळं लिहून ठेवलेली. वही नसतेच. संहितेची एक चुरगळलेली प्रत असते आणि तिच्यावर चार ठिकाणी हायलायटर फिरवलेला असतो.

माणसं अवघड असणारच. पण मी पाहिलेली बहुतेक भांडणं स्वभावामुळे पेटली नव्हती. ती पेटली ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ या वाक्यामुळे, आणि ते वाक्य बोलायची सोय स्टेज मॅनेजरनेच करून ठेवली होती.

चूक पहिली आणि सगळ्यांत मोठी: बदल डोक्यात ठेवणं

एका गंभीर नाटकाच्या दुसऱ्या अंकाचा शेवट असा होता: नायिका पत्र टेबलाच्या खणात ठेवते, फोन वाजतो, ती उचलत नाही आणि तिसऱ्या घंटेनंतर अंधार होतो. तांत्रिक तालमीत, म्हणजे लाइट-साउंडसकट होणाऱ्या तालमीत, दिग्दर्शकांनी फोन काढून टाकला. खण बंद झाला की थेट अंधार. प्रयोगाच्या संध्याकाळी मेकअपरूमबाहेरच्या बोळातून जाता जाता ते स्टेज मॅनेजर मुलीला म्हणाले, “फोन राहू दे गं, पहिल्यासारखंच कर.” ती “हो सर” म्हणाली. साउंडवाला समोरच भेटला, त्याला सांगितलं. लाइटवाला शिडीवर चढून दिवा नीट करत होता. त्याला नंतर सांगू म्हणाली आणि ते राहून गेलं.

प्रयोगात खण बंद झाला आणि अंधार पडला. मग त्या मिट्ट काळोखात फोन वाजायला लागला. नायिका खुर्चीत बसून, कारण तिला तीन घंटा होईपर्यंत बसायचं होतं. साउंडवाला आवाज बंद करायच्या क्यूची, म्हणजे इशाऱ्याची, वाट बघत होता आणि हेडसेटवर तो क्यू द्यायची तिची वाचाच बसली होती. पाचव्या की सहाव्या घंटेला प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, “अहो, उचला की!” सगळं थिएटर हसलं.

मध्यंतरात विंगेत जी जुंपली तिच्यात प्रत्येक जण खरं बोलत होता. दिग्दर्शक म्हणाले, अंधार पहिल्यासारखाच हवा होता. नटी म्हणाली, मला फोन आहे असंच सांगितलं होतं. लाइटवाला म्हणाला, माझ्याकडे तांत्रिक तालमीतलाच क्यू आहे. मुलीकडे दाखवायला कागद नव्हता, त्यामुळे सगळं तिच्या अंगावर आलं.

माझी सवय सांगतो. पटो न पटो, करून बघा. दिग्दर्शक बोळात, जिन्यावर, कुठेही काही म्हणाले की मी त्यांच्यासमोरच वही उघडतो, लिहितो आणि मोठ्यानं वाचून दाखवतो: “दुसरा अंक, शेवट. फोन परत. अंधार तिसऱ्या घंटेनंतर. लाइट, साउंड आणि नटी, तिघांना सांगतो. बरोबर?” पुढे तारीख आणि वेळ. गंमत अशी की मोठ्यानं वाचून दाखवल्यावर बरेच बदल जागच्या जागी विरतात. “थांब, उद्या बघू,” असं उत्तर येतं. ज्यांना सांगायचं त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण होईपर्यंत बदल लागू झाला असं मी धरत नाही. प्रेक्षक आत यायला लागले की त्या प्रयोगापुरते बदल बंद. जे सुचेल ते पुढच्या प्रयोगासाठी लिहून घ्यायचं. दिग्दर्शक चिडले तर चिडू द्या.

वही कशी हवी? एका बाजूला संहितेचं पान, समोर कोरं पान. कोऱ्या पानावर हालचाली. संहितेत ज्या शब्दावर क्यू पडतो त्याच शब्दाखाली रेघ मारायची, ती समासापर्यंत ओढायची आणि तिथे ‘लाइट २३’, ‘साउंड ९’ असं लिहायचं. त्याच्या आधी पुरेशी जागा सोडून ‘स्टँडबाय’, म्हणजे ‘तयार राहा’. हे सगळं पेन्सिलीनं. पेननं लिहिणाऱ्याने अजून एकही तांत्रिक तालीम पाहिलेली नाही असं मी समजतो.

“तालमीचा व्हिडिओ आहे ना मोबाईलवर, मग लिहायचं कशाला?” हे अलीकडे फार ऐकतो. नट त्या दिवशी कुठे उभा राहिला तेवढंच व्हिडिओत दिसतं. कुठे उभं राहायचं ठरलं होतं ते दिसत नाही. आणि वाद चालू असताना, दिग्दर्शक डोक्यावर उभे असताना, तुम्ही बोटानं व्हिडिओ मागेपुढे करत बसणार का?

चूक दुसरी: पोस्टमन होणं

दिग्दर्शक म्हणतात, “त्याला सांग, जरा कमी कर, फार ओढतोय.” नवखा पोरगा धावत जाऊन ज्येष्ठ नटाला सांगतो, “दादा, सर म्हणताहेत जरा कमी करा.” दादा विचारतात, “सरांना तोंड नाही का?” पोरगा तेही परत सरांना सांगतो. दोन दिवसांत दोघं एकमेकांशी बोलायचे बंद होतात आणि पोरगा दोघांचाही नावडता.

अभिनयाबद्दलची सूचना मी कुणाचीही, कुणाकडेही नेत नाही. वेळ, जागा, एन्ट्री, प्रॉपर्टी (नाटकात वापरायच्या वस्तू), कपडे, क्यू एवढं माझ्या तोंडून जाईल. बाकीच्यासाठी एकच उत्तर: “सर, ब्रेकमध्ये दादांना तुमच्याकडे पाठवतो.” आणि खरंच पाठवायचं. उलट दिशेनेही तसंच. एखादी ताई ग्रीनरूममध्ये दिग्दर्शकाबद्दल तासभर बोलली तर ऐकून घ्यावं, माणूस आहे. पण मान डोलावू नये. त्या डोलावलेल्या मानेचा दाखला भर तालमीत दिला जातो: “स्टेज मॅनेजरलाही पटलंय.”

तालमीत वाक्य चुकलं की मधेच दुरुस्त करणं हा याच रोगाचा छोटा भाऊ. नटाने ‘लाइन’ म्हटलं तरच वाक्य द्यायचं, तेही कोऱ्या आवाजात, अभिनय न करता. बाकीच्या चुका चिठ्ठीवर लिहून तालीम संपल्यावर त्याच्या हातात द्यायच्या. सगळ्यांसमोर नाही.

उशिरा येणारे

त्यांच्यावर ओरडू नका आणि त्यांच्यासाठी थांबूही नका. ठरलेल्या वेळी, त्या माणसाची गरज नसलेला प्रवेश सुरू करा. तो आत येतो तेव्हा काम चालू असलेलं दिसलं पाहिजे. रात्रीच्या तालीम अहवालात ‘७.२० ला आले’ एवढंच लिहा. ‘नेहमीप्रमाणे’ हा शब्द घातलात की अहवाल संपला, भांडण सुरू झालं. आणि हा अहवाल रोज, सगळ्यांना. फक्त भांडण झालेल्या रात्री लिहिला तर ती तक्रार ठरते.

किरकोळ, पण रोज दिसणाऱ्या

हेडसेटवर ‘गो’ हा शब्द क्यू देतानाच उच्चारायचा. गप्पांमध्ये तो आला की कुणीतरी बटण दाबतोच.

प्रॉपर्टीच्या टेबलावर कागद पसरा, प्रत्येक वस्तूभोवती रेघ मारा, नाव लिहा. जागा रिकामी दिसली की वस्तू हरवली हे विचारायला लागत नाही.

ब्रेकची वेळ दिग्दर्शकांना आधी सांगा: “सर, दहा मिनिटांनी ब्रेक.” वेळ झाल्यावर आठवण केली की ते हमखास “एवढा प्रवेश होऊ दे” म्हणतात.

नेपथ्याचे तुकडे बाहेर जायच्या दारात ठेवू नका, दिग्दर्शक कितीही घाईत असोत. १९०३ साली शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरला आग लागली तेव्हा अग्निरोधक पडदा मधेच अडकला, बाहेर पडायची दारं उघडता येईनात आणि सहाशेच्या वर माणसं गेली. दाराच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

प्रयोग सुरू झाल्यावर ढिलं सोडणं

शुभारंभ झाला, दिग्दर्शक पुढच्या कामाला लागले की नटांना नवीन जागा सापडायला लागतात. इथे एक टाळी, तिथे एक पदरचं वाक्य. नवख्याला वाटतं, आपण कोण सांगणारे? पण नाटक ठरलं तसं राखणं हे आता तुमचंच काम आहे. आधी अभिनयावर बोलायचं नाही म्हणालो, आता बोलायचं. फरक एवढाच की तुम्ही तुमचं मत सांगत नाही, वहीत ठरलेलं सांगता.

त्यातही “दादा, तुम्ही फार लांबवताय” असं म्हणू नका. प्रत्येक प्रयोगात प्रत्येक अंकाची वेळ लिहून ठेवा. दहाव्या प्रयोगाला पहिला अंक चार मिनिटांनी वाढलेला असेल तर तो तक्ता दाखवा आणि विचारा, “दादा, ही चार मिनिटं कुठून आली असतील?” बहुतेक नट स्वतःच जागा सांगतात. जो सांगत नाही त्याचा तक्ता त्याच रात्री दिग्दर्शकांकडे पाठवा, त्यालाही प्रत द्या, आणि पुढचं त्या दोघांवर सोडा.