आजारी माणसाच्या खाण्याची वही

गेल्या पावसाळ्यात माझ्या सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. वय ८१, वजन ४८ किलो. पुण्यातल्या एका दवाखान्यात आम्ही सोळा दिवस काढले. ऑपरेशन, औषधं, विमा, सगळ्याच्या फायली होत्या. आईंच्या पोटात काय जातंय याची नोंद मात्र कुणाकडेच नव्हती. ताट यायचं, पलंगाच्या पायथ्याशी, त्यांचा हात पोचणार नाही अशा टेबलावर ठेवलं जायचं आणि तासाभरानं तसंच परत जायचं. चौथ्या दिवशी त्यांच्या बांगड्या पार कोपराकडे सरकताना दिसल्या, तेव्हा मी खाली जाऊन एक छोटी वही आणली.

तुमच्या घरचं कुणी ॲडमिट असेल तर ही वही पहिल्याच दिवशी सुरू करा. पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे काय दिलं, उजवीकडे त्यातलं काय पोटात गेलं. ‘जेवल्या’ असं लिहू नका. ‘वरण पाव वाटी, भात तीन घास, दूध अर्धा कप’ असं लिहा. पाळी बदलताना मुलगा, नात, रात्रीच्या मावशी, सगळ्यांनी त्याच वहीत लिहायचं.

आमच्या पहिल्या पानावर होतं: अर्धा कप चहा, दोन बिस्किटं, वाटीभर पेज, मोसंबीचा रस, नारळपाणी, रात्री मऊ भाताचे चार घास. दिवसभर काहीतरी चालूच होतं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. आहारतज्ज्ञ बाईंनी पान पाहिलं आणि सांगितलं, यात प्रथिनं जेमतेम सात-आठ ग्रॅम आहेत. वयस्कर माणसाला आजारपणात वजनाच्या दर किलोमागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम लागतात. म्हणजे आईंना रोज किमान ५८. ती बाहेरून मिळाली नाहीत तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं, आणि अंथरुणावर पडून राहिल्यानं ते आधीच झपाट्यानं झिजत असतात. मग जखम भरायला वेळ लागतो आणि उभं राहायला पायात ताकद उरत नाही.

आजाऱ्याला ‘हलकं’ द्यायचं ही आपली सवय मायेचीच आहे. पण पेज म्हणजे बहुतेक पाणी आणि थोडा तांदूळ. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नाहीतच. पेज बंद करू नका, तिच्यात काहीतरी घाला. मी मुगाची डाळ शिजवून, घोटून घालायचे, वर चमचाभर तूप. दुधाच्या कपात दोन चमचे दूध पावडर. मऊ भातावर मेतकूट आणि घट्ट वरण. वरणाचं नुसतं पाणी नको. दुपारी दह्याऐवजी दोन-तीन चमचे चक्का. पन्नास ग्रॅम पनीर कुस्करून धिरड्यात घातलं तर नऊ-एक ग्रॅम प्रथिनं मिळतात. अंडं चालत असेल तर एका अंड्यात सहा ग्रॅम. ताटभर जेवण समोर आलं की म्हाताऱ्या माणसाची भूक पाहूनच मरते, म्हणून दर दोन-अडीच तासांनी अर्धी वाटी. डबा कर्वेनगरहून रिक्षानं यायचा. बाहेरचं अन्न चालतं का, हे वॉर्डातल्या सिस्टरना आधी विचारून घेतलं होतं.

किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं आपल्या मनानं वाढवू नका. मधुमेहातही प्रथिनांच्या पावडरचे डबे डॉक्टरांना दाखवूनच आणा. आणि कितीतरी दिवस काहीच न खाल्लेल्या माणसाला एकदम भरपूर भरवणं धोक्याचं असतं. रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम घसरू शकतं. तिथे डॉक्टर सांगतील तितकंच, हळूहळू.

सहाव्या दिवशी संकष्टी आली. आईंनी तोंड मिटलं. चंद्रोदयापर्यंत फक्त पाणी. मी रागावले नाही, वादही घातला नाही. त्यांच्या धाकट्या बहिणीला फोन लावून दिला. मावशी म्हणाल्या, ‘अगं ताई, आजारपणात उपास लागत नाही, बाप्पाला कळतं.’ आई रडल्या, मग वाटीभर चक्का खाल्ला. पटवणारं माणूस योग्य असावं लागतं. सुनेचं म्हणणं सगळीकडे चालत नाही.

ऑपरेशनच्या उपाशीपणाचंही बघा. आमची वेळ सकाळची होती, ती दुपारी चारवर गेली आणि मग दुसऱ्या दिवसावर. आई आदल्या रात्रीपासून कोरड्या. साधारणपणे हलकं खाणंही किमान सहा तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधी थांबवतात, पण तुमच्या रुग्णासाठी भूलतज्ज्ञांना स्पष्ट विचारा. वेळ पुढे गेली की लगेच जाऊन विचारा, ‘आता काही देऊ का?’ कुणी आपणहून येऊन सांगेल याची वाट पाहू नका.

कवळी, चष्मा, कानाचं मशीन जेवणाआधी लावा. कवळी नावाची चिठ्ठी लावलेल्या डबीतच ठेवा. कागदात गुंडाळलेली कचऱ्यात जाते. तोंड आधी ओल्या फडक्यानं पुसा, मग लिंबाच्या लोणच्याचा तुकडा जिभेला लावा, चव परत येते (पथ्य नसेल तर). पाठ सरळ, शक्य असेल तर खुर्चीत. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. घास घेताना ठसका लागला, आवाज ओला घोगरा झाला तर भरवणं थांबवा आणि सिस्टरना बोलवा. पक्षाघाताच्या रुग्णाला गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय पाण्याचा चमचाही नको.

भूक मेली असेल तर पोट साफ आहे का तेही वहीत लिहा. दुखणं थांबवणाऱ्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं. आईंचं पाचव्या दिवसापर्यंत अडलं होतं. औषध दिल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःहून धिरडं मागितलं.

घरी सोडताना आहाराचा कागद मागून घ्या आणि वही सुरूच ठेवा. माणूस उभं राहू लागलं की पंधरा दिवसांनी एकदा, एकाच काट्यावर, सकाळच्या वेळी वजन करा. आईंचं पहिलं भरलं ४४. दिवाळीत ४६ झालं.