मुलाखतीत सांगता येईल असं काम: तरुण स्वयंसेवकांना नोकरीसाठी तयार कसं करावं

स्वयंसेवकांना नोकरीच्या दृष्टीने काही द्यायला हवं, असा विषय बैठकीत निघाला की कोणीतरी हमखास सुचवतं, "व्यक्तिमत्त्व विकासाचं एक व्याख्यान ठेवू." ठेवू नका. दोन तास टाळ्या वाजतात, गटफोटो निघतो आणि पुढच्या कार्यक्रमाला तीच मुलं पुन्हा खुर्च्या लावताना दिसतात. दुसरा सल्ला प्रमाणपत्राचा. "अमुक कार्यक्रमात सहभागी झाल्याबद्दल" असं छापलेला कागद मुलाखत घेणारा उलटूनही पाहत नाही. मुलगा त्या दिवशी हजर होता, याखेरीज त्यातून काही कळत नाही.

आधी जाहिराती वाचा

मुलाला किंवा मुलीला कोणत्या प्रकारची नोकरी हवी आहे ते विचारा आणि तशा चार-पाच जाहिराती आणायला सांगा. त्यात पात्रतेच्या खाली कामांची यादी असते. ती एकत्र बसून वाचा आणि आपल्या संस्थेत त्यातलं काय करायला मिळेल त्यावर खुणा करा. तासाभराचं काम आहे.

तुकडा देऊ नका, अख्खं काम द्या

"जरा तिकडे उभा राहा", "हे एवढं वाटून ये" यातून कोणी काही शिकत नाही. सुरुवात, शेवट आणि मुदत असलेलं काम द्या: नोंदणी विभाग, साहित्याची खरेदी आणि हिशेब, नव्या स्वयंसेवकांचं वेळापत्रक. निर्णयाचा थोडा अधिकार आणि छोटी रक्कमही सोबत द्या. मग मध्ये हात घालू नका. काम तुमच्यापेक्षा हळू होईल, होऊ दे. सुरक्षितता, लोकांचे पैसे किंवा कोणाचा मान धोक्यात आला तरच पुढे व्हा. एकच काम वर्षभर एकाच्या गळ्यात राहू देऊ नका. पगारी माणसाची जागा फुकटात भरून काढायला स्वयंसेवक वापरू नका, आणि त्याचा प्रवासखर्च त्याच्या खिशातून जाणार नाही एवढं बघा.

एक्सेलमध्ये तक्ता करणं, नेमका ईमेल लिहिणं, अनोळखी माणसाशी फोनवर बोलणं हे ज्या आठवड्यात लागेल त्याच आठवड्यात शिकवा. आधी शिकवलेलं विसरलं जातं.

कामानंतर बसून बोला. खरी मेख इथेच आहे

मला सर्वात जास्त झगडावं लागलं ते इथे. मुलं कामं उत्तम करायची आणि मुलाखतीत म्हणायची, "मी संस्थेला मदत करायचो." पुढे काहीच नाही. कौशल्य अंगात होतं, ते सांगायचं कसं हे कळत नव्हतं. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्याचं चार टप्प्यांचं चक्र मांडलं: अनुभव घेणं, त्याच्याकडे मागे वळून पाहणं, त्यातून काही पक्कं समजून घेणं आणि पुढच्या वेळी ते करून पाहणं. बहुतेक संस्थांत पहिला टप्पा आटोपला की सामान आवरून सगळे घरी जातात.

काम झाल्यावर दोन दिवसांच्या आत बसा. आठवडा उलटला की तपशील पुसला जातो आणि "छान झालं सगळं" एवढंच उरतं. एकेकट्याशी बोला. गटात बसलात की बोलका मुलगा सगळ्यांचं सांगून मोकळा होतो, आणि ज्याने खरं काम ओढलं तो मान डोलावतो.

"काय शिकलीस?" या प्रश्नाने सुरुवात तर मुळीच करू नका. उत्तर ठरलेलं असतं: टीमवर्क. वेळ, जागा आणि अडचण विचारा. रक्तदान शिबिरात नोंदणी सांभाळणाऱ्या मुलीशी बोलणं साधारण असं होतं:

"काल काय केलंस?"
"काही विशेष नाही ताई, नोंदणीला बसले होते."
"गर्दी कधी झाली?"
"अकराच्या सुमारास. रांग पार दाराबाहेर गेली."
"मग?"
"मग दोघांना कोरे अर्ज आणि पेनं घेऊन रांगेत पाठवलं. लोकांनी उभ्याउभ्याच अर्ज भरले. टेबलाशी फक्त तपासायचं राहिलं."
"असं करायला कोणी सांगितलं होतं?"
"कोणी नाही. सुचलं."
"मग रांगेचं काय झालं?"
"तासाभरात ओसरली."

"काही विशेष नाही" म्हणणाऱ्या मुलीने अडथळा कुठे आहे ते ओळखलं, माणसं हलवली, कामाचा क्रम बदलला. मुलाखत घेणाऱ्याला हेच ऐकायचं असतं, पण ते बाहेर काढायला कोणीतरी "मग?" विचारावं लागतं. दरवेळी हे आपोआप निघत नाही. दहा मिनिटं नुसते हुंकार मिळतात तेव्हा गप्प बसा, वाट पाहा. त्याच्या तोंडचं वाक्य तुम्ही पूर्ण केलंत की ते तुमचं झालं.

दोन गोष्टी हट्टाने करा. "आम्ही केलं" असं उत्तर आलं की त्यात तुझा हात कुठे होता ते विचारा. स्वतःचं नाव पुढे करणं म्हणजे बढाई, हे मुलांच्या मनात घट्ट बसलेलं असतं. ते सोडवायला वेळ लागतो, आणि दुसऱ्याचं श्रेय न ढापता आपलं नेमकं सांगणं हेही शिकवावंच लागतं. दुसरं, जे फसलं त्याबद्दल विचारा: पुन्हा करायचं झालं तर काय बदलशील? फसलेलं काम आणि त्यानंतर केलेली सुधारणा नीट सांगता आली तर मुलाखतीत ती यशाच्या गोष्टीपेक्षा जास्त वजनदार ठरते.

त्याच दिवशी चार ओळी लिहून घ्या

परिस्थिती काय होती, जबाबदारी कोणती होती, मी काय केलं, त्याने काय झालं. मुलाखतीच्या तयारीत या मांडणीला 'स्टार' पद्धत म्हणतात (सिच्युएशन, टास्क, अ‍ॅक्शन, रिझल्ट या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं). तिचे चार रकाने पाठ करून ऐन मुलाखतीत गोष्ट शोधत बसणं हा तिचा सर्वात वाईट वापर. आधी वहीत गोष्टी जमा हव्यात.

आकडा लिहायचा तर तो कामाच्या दिवशीच मोजलेला हवा: किती अर्ज आले, किती परत करावे लागले, किती वेळ लागला. नंतर आठवून लिहिलेला आकडा फुगतो. फुगवलेला आकडा "तुम्ही हे कसं मोजलंत?" या एका प्रश्नात फुटतो आणि मग खरं सांगितलेलंही खोटं वाटायला लागतं. रक्तदात्यांची नावं, फोन नंबर, मुलांचे फोटो या वहीत येता कामा नयेत. लोकांची माहिती जपणं हेही कामाचंच कौशल्य आहे.

लिहायचं त्यांनीच, त्यांच्या भाषेत. तुम्ही सुबक करून दिलेलं वाक्य मुलाखतीत ओठांवर येत नाही. युरोपियन आयोगाने २००७ मध्ये सुरू केलेल्या 'युथपास' प्रमाणपत्राची एक गोष्ट मला म्हणूनच पटते: आपण काय शिकलो ते तरुणाने त्यात स्वतः लिहायचं असतं. प्रमाणपत्र द्यायचंच असेल तर असं द्या.

बायोडेटा, सराव, पत्र

वहीतल्या तीन-चार नोंदी जाहिरातीशी जुळवून बायोडेटात घ्या. स्वयंसेवेचं काम शेवटी 'छंद' या शीर्षकाखाली ढकलू नका. हव्या असलेल्या नोकरीशी ते जुळत असेल तर ते अनुभवातच येतं. फक्त ते विनावेतन होतं हे स्पष्ट लिहा. लिंक्डइनवर तर स्वयंसेवेसाठी वेगळा विभाग २०११ पासून आहे.

सराव-मुलाखत तुम्ही घेऊ नका. त्या कामाबद्दल काहीच माहीत नसलेल्या माणसाला बसवा, म्हणजे मुलाला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागेल.

शिफारसपत्रात "कष्टाळू आणि प्रामाणिक" लिहून सही ठोकू नका. डोळ्यांनी पाहिलेला एक प्रसंग लिहा. पडताळणीचा फोन आला तर उचला, आणि वहीत आहे तेच सांगा.

चांगला स्वयंसेवक नोकरी लागून जाणार, तेव्हा कार्यक्रम तोंडावर आहे म्हणून त्याला अडवू नका. कामाची चावी कोणाकडे, हिशेब कुठवर आला, कोणाला कधी फोन करायचा अशी दोन पानं मागे येणाऱ्यासाठी लिहून घ्या. वहीतली त्याची शेवटची नोंद तीच.