ॲम्लोडिपिन: गोळी कशी काम करते, कशी घ्यायची, पाय सुजले तर काय करायचं

सकाळी बीपीसाठी ॲम्लोडिपिनची पहिली गोळी घेतली, दुपारी बीपी मोजलं, आकडा जवळपास तोच. मग वाटतं, गोळी लागू पडत नाहीये. खरं तर ही गोळी सावकाश चालते. घेतल्यावर रक्तातलं तिचं प्रमाण सर्वांत वर जायला ६ ते १२ तास लागतात आणि ते निम्म्यावर यायला ३० ते ५० तास. त्यामुळे रोजच्या गोळीत आदल्या दिवसांची थोडी थोडी भर पडत जाते आणि ७-८ दिवसांनी प्रमाण एका पातळीवर स्थिरावतं. दिवसातून एकदा घेतली तरी पुरते, तीही याच कारणाने.

हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्या म्हणजे रोहिण्या. त्यांच्या भिंतीत बारीक स्नायू असतात. या स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम शिरलं की स्नायू आवळतो, रक्ताची वाट अरुंद होते, दाब चढतो. ॲम्लोडिपिन कॅल्शियमची ही आत जायची वाट अडवतं. स्नायू सैलावतो, वाट रुंदावते.

प्रौढांना बहुधा ५ मिलिग्रॅमने सुरुवात करतात. वय जास्त, अंगकाठी किरकोळ किंवा यकृत अधू असेल तर २.५ने. दिवसाची कमाल मात्रा १० मिलिग्रॅम. वाढवायची की नाही, हे डॉक्टर साधारण एक-दोन आठवड्यांच्या नोंदी पाहून ठरवतात. पाकिटावर ‘एस-ॲम्लोडिपिन’ असेल तर नीट वाचा: त्याचं २.५ हे साध्या ॲम्लोडिपिनच्या ५ इतकं असतं. दोन्ही पाकिटं घरात असली की घोटाळा होतो.

जेवणाआधी की नंतर, याने फरक पडत नाही. वेळ मात्र एकच ठेवा.

बीपी मोजताना घाई नको. अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू बंद. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून ५ मिनिटं शांत बसा. पट्टा उघड्या दंडाला बांधा आणि हात हृदयाच्या उंचीवर टेकवा. लोंबता ठेवला तर आकडा खोटाच जास्त येतो. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, असं आठवडाभर केलं की डॉक्टरांच्या हाती कामाची वही येते.

आता पायांच्या सुजेबद्दल, कारण गोळी सोडून देण्यामागे अनेकदा हीच तक्रार असते. संध्याकाळी मोज्याची खूण घोट्यावर खोल उमटते, अंगठ्याने दाबलं तर खळगा काही वेळ तसाच राहतो. गोळीने रोहिण्या सैलावतात, पण नीला, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्या, तितक्या सैलावत नाहीत. आत येणारं रक्त वाढतं, बाहेरची वाट तेवढीच; मग या दोन्हींना जोडणाऱ्या बारीक केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी आजूबाजूला झिरपतं. ही शरीरात साठलेल्या जादा पाण्याची सूज नव्हे, म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळीने ती फारशी हटत नाही. ती गोळी मनाने सुरू करूच नका. मात्रा कमी करणं किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल अशा बीपीच्याच दुसऱ्या औषधाची जोड देणं, हे उपाय डॉक्टर करतात आणि त्यांचा उपयोग होतो. एकाच पायाला सूज येऊन दुखत असेल किंवा सुजेबरोबर धाप लागत असेल, तर मात्र दोष गोळीवर ढकलून थांबू नका, लगेच दाखवा.

चेहरा तापणं, डोकं दुखणं, धडधड हे बहुतेकदा सुरुवातीच्या दिवसांत होतं आणि ओसरतं. काहींच्या हिरड्या फुगतात. दंतवैद्याला गोळीचं नाव सांगा. कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन चालू असेल तर ते दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि बुरशीवरच्या काही गोळ्यांनी ॲम्लोडिपिनचा असर वाढतो, टीबीवरच्या रिफाम्पिसिनने घटतो. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी बीपीच चढतं, तेव्हा ती रोज घेत असाल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

गोळी चुकली आणि १२ तासांच्या आत आठवलं, तर घ्या. त्याहून उशीर झाला असेल तर ती सोडा, पुढची ठरल्या वेळी. दोन एकदम कधीच नाही. एखादी चुकल्याने दाब एकदम उसळत नाही, कारण आधीचं औषध अंगात असतं. सलग काही दिवस बंद राहिली तर मात्र बीपी हळूहळू पूर्वीच्या जागी चढतं, आणि चढताना बहुतेकांना काहीच जाणवत नाही.