केमो चालू असताना मुलांच्या तोंडाबाबत या चुका टाळा

ठाण्यात माझ्याकडे दात दाखवायला येणारी काही मुलं खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कॅन्सर केंद्रात, केमो घेत असतात. त्यांच्या घरी त्याच त्या चुका होताना बघून जीव तुटतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे कोरड्या तोंडावर गोडाचा उतारा. केमोत लाळ कमी आणि चिकट होऊ शकते. डोक्या-मानेला रेडिएशन असेल तर हा त्रास वर्षानुवर्षं राहू शकतो. दातांवरचं आम्ल धुऊन काढायचं काम लाळेचं. तीच आटली की कीड झपाट्याने लागते. नेमकं तेव्हाच मूल सारखं प्यायला मागतं आणि पाणी बेचव लागतं म्हणून घरचे ज्यूस देतात.

कळव्याच्या एका चार वर्षांच्या मुलीच्या उशाशी आजी रोज ग्लुकोजच्या पाण्याची बाटली भरून ठेवायची. डोळा उघडला की दोन घोट. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत आधी पांढरे पट्टे आले, मग ते तपकिरी झाले. माझ्याकडे आणली तेव्हा दात टोकरला की भुगा पडत होता. त्यात काऊंट (रक्तातल्या पेशींची संख्या) खाली, म्हणून लगेच हातही लावता येईना. तोवर पोर पेजेवर.

रात्री फक्त साधं पाणी. वजनासाठी गोड द्यायला सांगितलं असेल तर जरूर द्या, पण जेवणासोबत. दिवसभर घोट-घोट नको. गोड सिरप दिलं की लगेच चूळ भरायला लावा.

दुसरी चूक, तोंड आलं की ब्रश बंद. केमोनंतर आठवडा-दहा दिवसांत तोंड येतं, आणि स्वच्छता तेव्हाच जास्त लागते. मी अतिमऊ ब्रश कोमट पाण्यात बुडवून वापरायला सांगते; तेही सोसत नसेल तर ओल्या गॉजने पुसायचं. खरखरीत दंतमंजन अजिबात नको. ज्याला थुंकता येतं त्याला पेलाभर पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून गुळण्या. दोन दिवसांत फरक नाही म्हणून त्या सोडून देणारे पालक मला रोज भेटतात. अहो, काऊंट वर यायला लागल्याशिवाय तोंड भरून येत नाही, तोवर नेटाने करायचं.

व्हिनक्रिस्टिन या केमोच्या औषधानंतर दात चांगले असूनही जबडा ठणकू शकतो. कॅन्सरच्या डॉक्टरांना न विचारता कोपऱ्यावरच्या दवाखान्यात दात काढायला बसवू नका. प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असतील तर रक्त थांबत नाही.

अल्कोहोलवाला माऊथवॉश नको. सुन्न करणारं जेल मनाने लावू नका. जिभेवरचा पांढरा थर खरवडू नका, बुरशी असू शकते, दाखवा.

आणि ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर घरीच पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी वॉर्डला फोन करा आणि निघा.