आधी रिपोर्ट, मग गोळ्या

लग्नाला पाच वर्षं झाली, मूल होत नव्हतं. त्यातली दोन हिच्याच तपासण्यांत गेली. माझी करावी हे कुणाला सुचलंच नाही, मलाही नाही. अप्पा बळवंत चौकात दुकान, दिवसभर गल्ल्यावर बैठक, सात-आठ गोड चहा, कमर ३८. असंच कुणाचं असेल तर हा क्रम धरा.

पहिल्यांदा वीर्यतपासणी, दोन ते सात दिवसांचा खंड ठेवून. मी धायरीहून डबी घेऊन निघालो आणि सिंहगड रोडला अडकलो. तासाच्या आत पोचली नाही की शुक्राणूंची हालचाल कमी दिसते. त्यापेक्षा लॅबमध्येच द्या, लाज काय ती दहा मिनिटांची. पुन्हा दिली तेव्हा मिलिलिटरला ९० लाख शुक्राणू निघाले (किमान १ कोटी ६० लाख हवेत), हलणारे २२ टक्के (हवेत ४२). एका रिपोर्टवर विसंबू नका. यूरॉलॉजिस्टकडून व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषाच्या शिरा फुगल्यात का, तेही बघून घ्या.

मग उपाशीपोटी साखर आणि इन्सुलिन. दोन्हींचा गुणाकार करून ४०५ ने भागायचं. माझं १०८ गुणिले २२, म्हणजे ५.९. अडीच-तीनच्या वर गेलं की शरीर इन्सुलिनला दाद देत नाही असं समजतात. पोट सुटलं की चरबी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हार्मोन करते, आणि शुक्राणूंवर ऑक्सिडेशनचा मारा होतो तो वेगळाच.

डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ५०० दिलं, रात्री जेवणानंतर. पहिला आठवडा गल्ला सोडून संडासाकडे पळत होतो, नंतर बसलं. ही गोळी मुळात मधुमेहाची, म्हणून मूल हवंय हे सांगूनच घ्या आणि अधूनमधून बी-१२ तपासा.

सोबत कोएन्झाइम क्यू-१० आणि एल-कार्निटिन, म्हणजे तो ऑक्सिडेशनचा मारा अडवायला दिलेली अँटिऑक्सिडंट. बिलात सगळ्यात महाग हेच, आणि खात्री सगळ्यात कमी: अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अँटिऑक्सिडंटच्या मिश्रणाने वीर्यात सुधारणा दिसली नाही. तीन महिने घ्या, फरक नसेल तर बंद करा, असं डॉक्टरच म्हणाले. जिममधल्या एकाने टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं होतं. त्याच्या नादी अजिबात लागू नका, त्याने शुक्राणू बनणंच थांबू शकतं.

शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे तिसरा महिना संपेपर्यंत पुन्हा रिपोर्ट काढण्यात अर्थ नाही. तोवर मी रोज सकाळी पर्वती चढलो, चहा बिनसाखरेचा केला. सहा किलो उतरले, हालचाल ३५ टक्क्यांवर आली. गोळ्यांनी की पर्वतीने, मला सांगता येणार नाही. हिला विचारलं तर म्हणते, चहाने.