द्रव आर्गॉन डिटेक्टरचा छोटा नमुना: आधी शुद्धता, मग आकार

न्यूट्रिनो म्हणजे पदार्थाशी क्वचितच धडकणारे सूक्ष्म कण, म्हणून त्यांचे डिटेक्टर अजस्र असतात. कण द्रव आर्गॉनमधून गेला की इलेक्ट्रॉन सुटतात, विद्युत क्षेत्र त्यांना टोकाच्या तारांपर्यंत ओढतं आणि तिथे ते मोजले जातात. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतल्या प्रोटोड्यून डिटेक्टरच्या पहिल्या नमुन्यातच सुमारे 770 टन द्रव आर्गॉन होता आणि इलेक्ट्रॉनला 3.6 मीटर वाट कापावी लागे. नागपुरातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत 100 लिटरची टाकी आणि 30 सेंमीची वाट पुरते. शिकायचं ते एकच: आर्गॉन स्वच्छ कसा ठेवायचा.

500 व्होल्ट प्रति सेंमी क्षेत्रात इलेक्ट्रॉन मायक्रोसेकंदाला सुमारे 1.6 मिमी सरकतो. म्हणजे 30 सेंमीला 190 मायक्रोसेकंद, आणि कॅथोडवर (ऋण टोकाच्या पत्र्यावर) 15 किलोव्होल्ट. ऑक्सिजन वाटेतले इलेक्ट्रॉन गिळतो. तो अब्जात एक भाग असला, तर इलेक्ट्रॉनचं आयुष्य जेमतेम 300 मायक्रोसेकंद. निम्मेच पलीकडे पोहोचतात. तोच दहापट कमी केला की 94 टक्के पोहोचतात. म्हणून हिंगणा एमआयडीसीत वेल्डिंगला वापरतात तो आर्गॉन नको. 99.999 टक्क्यांचा घ्या, पण त्यातही दशलक्षात दहा भाग भेसळ असू शकते, म्हणून तोही फिल्टरमधूनच टाकीत सोडा. आधी मॉलिक्युलर सीव्ह (सूक्ष्म छिद्रांचे दाणे) पाणी धरते, मग ॲल्युमिनावरचं सक्रिय तांबं ऑक्सिजन धरतं. नायट्रोजन मात्र यातून सुटतो आणि कण गेल्यावर आर्गॉनमध्ये चमकणारा प्रकाश मंदावतो. त्याचा बंदोबस्त खरेदीतच करा.

पाणी हा खरा शत्रू. जोडणीच्या वेळी खोलीत कूलर अजिबात लावू नका. नवतपात जीव कासावीस होतो, हे खरं, पण वाळ्याच्या ताट्यांतून येणारी गार हवा ओलीच असते आणि सर्किट बोर्ड, केबल ती शोषून घेतात. एसी लावा, सुटे भाग 60-70 अंशांवर रात्रभर सुकवा.

छोटी टाकी पंपाने निर्वात करता येते, मोठी नाही. म्हणून नमुन्यातही हवा आर्गॉननेच ढकला. तळातून वायू इतका हळू सोडा की त्याची पातळी तासाला 1.2 मीटरच्या आसपास चढेल. घाई केली की हवा आर्गॉनमध्ये मिसळते आणि वरच्या नळीतून बाहेर पडायची ती आतच घोळत राहते. टाकीच्या दहापट वायू जाऊ द्या.

आर्गॉन द्रव नायट्रोजनने थंड करताना नेहमीची चूक: नायट्रोजन 77 केल्विनला उकळतो, आर्गॉन 83.8 ला गोठतो. कंडेन्सरची (वायूचा द्रव करणाऱ्या भागाची) नळी आर्गॉनच्या बर्फाने बुजते. नायट्रोजनचा निरपेक्ष दाब अडीच बारच्या आसपास धरा, म्हणजे तो इतका थंड राहत नाही. टाकीही सावकाश थंड करा. इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या बारीक तारा चौकटीआधी आकसतात आणि तुटतात.

100 लिटर सांडलं तर 84 घनमीटर वायू होतो, म्हणजे 6 बाय 5 मीटरची खोली जवळपास भरते. आर्गॉन जमिनीलगत साचतो, तेव्हा ऑक्सिजन मापक गुडघ्याच्या उंचीवर लावा आणि 19.5 टक्क्यांवर गजर ठेवा. सेफ्टी व्हॉल्व्हची नळी खिडकीबाहेर न्या.

मग म्यूऑन मोजा, म्हणजे आकाशातून सतत बरसणारे विद्युतभारित कण. 30 बाय 30 सेंमीवर मिनिटाला सुमारे 900 येतात. वाट लांबत जाते तसा पोहोचलेला विद्युतभार किती घटतो त्याचा आलेख काढा. त्याच्या उतारावरून इलेक्ट्रॉनचं आयुष्य मिळतं.