लाइट थेरपी करूनही पिंपल्स जात नाहीत? या चुका टाळा

चेहऱ्यावर निळा-लाल प्रकाश टाकणारा एलईडी मास्क आणला, आठवडाभर लावला, काही फरक नाही, मग तो कपाटात गेला, असं खूप जणांचं होतं आणि मग लोक ही थेरपीच खोटी म्हणून मोकळे होतात. खोटी नाहीये ती, पण तिचं काम मर्यादित आहे आणि ते नेमकं काय हे घेताना कुणी नीट सांगत नाही.

पिंपलमध्ये क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे बॅक्टेरिया असतात, ते स्वतःच पॉर्फिरिन नावाचं द्रव्य बनवतात. साधारण ४१५ नॅनोमीटरचा (हे प्रकाशाच्या तरंगलांबीचं माप, त्यावरून रंग ठरतो) निळा प्रकाश त्यावर पडला की ऑक्सिजनचं एक जहाल रूप तयार होतं आणि त्यात तेच बॅक्टेरिया मरतात. लाल प्रकाश, ६३० च्या आसपासचा, जास्त खोल जातो आणि सूज कमी करायला मदत करतो. बस्स. बंद झालेली छिद्रं उघडणं हे काम यातला कुठलाच लाइट नीट करत नाही.

म्हणून सगळ्यात मोठी चूक म्हणजे चुकीच्या पिंपल्सवर लाइट मारत बसणं. लालसर, सुजलेले, छोटे पिंपल्स असतील तर उपयोग होऊ शकतो, पण ब्लॅकहेड्स आणि व्हाइटहेड्सना अ‍ॅडापलीन किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिडसारखी छिद्रं मोकळी करणारी औषधंच लागतात. आणि त्वचेखाली खोल, दुखणाऱ्या गाठी असतील तर मास्कच्या नादात महिने घालवू नका प्लीज, त्या गाठींचे खड्डे कायमचे राहू शकतात. कपाळावर एकसारखे बारीक, खाजणारे दाणे असतील तर ते बुरशीमुळे असू शकतात, तिथे अँटीफंगल औषध लागतं.

साधा निळा बल्ब चालेल का? नाही. सजावटीच्या निळ्या एलईडीचा प्रकाश बहुतेक वेळा ४५० ते ४७० नॅनोमीटरचा असतो आणि तिथे पॉर्फिरिन तो फारसा शोषतच नाही. नेलपॉलिश सुकवायचा लॅम्प तर चेहऱ्यावर कधीच नको, त्यात यूव्ही असतं.

आता डोस, इथे बहुतेकांचं गणित चुकतं. समजा मशीनची ताकद दर चौरस सेंटीमीटरला ४० मिलीवॉट आहे, तर २० मिनिटांत त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरला ४८ जूल ऊर्जा मिळते, आणि ताकद फक्त १० मिलीवॉट असेल तर तेवढ्याच वेळात १२. त्यामुळे घेताना रंग किती आहेत ते बघू नका, नॅनोमीटर आणि मिलीवॉट लिहिलेत का ते बघा, नसतील तर मी तरी ते मशीन घेणार नाही. पॅनल असेल तर सांगितलेल्या अंतरावरच धरा, लांब गेलात की डोस कमी होतो. चेहरा धुऊन कोरडा करून बसा, वर सनस्क्रीन किंवा मेकअप असेल तर प्रकाश तिथेच अडतो.

पण डोस कमी पडतोय असं वाटून स्वतःच्या मनाने वेळ दुप्पट करायचा हेही नको. सावळ्या, गव्हाळ त्वचेवर निळ्या प्रकाशाने काळपट डाग पडू शकतात, आणि पिंपल गेला तरी डाग बरेच महिने राहतो. ज्यांना पिंपलनंतर लगेच काळे डाग पडतात त्यांनी डॉक्टरांना विचारून लाल लाइटपासून सुरुवात करावी असं मला वाटतं, आणि डाग गडद होताना दिसले की निळा लगेच बंद.

डोळे आणि औषधं, हे तर अजिबात हलक्यात घेऊ नका. २०१९ मध्ये न्यूट्रोजिनाने स्वतःचा लाइट थेरपी मास्क परत मागवला होता, कारण डोळ्यांचे ठराविक आजार असलेल्यांना किंवा प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधं घेणाऱ्यांना डोळ्यांना इजा होण्याची शक्यता होती, कमी का असेना. गंमत बघा, पिंपल्ससाठीच दिली जाणारी डॉक्सीसायक्लिन आणि आयसोट्रेटिनॉइन ही तशीच औषधं आहेत. ती चालू असतील, ल्युपस किंवा पॉर्फिरियासारखा प्रकाशाने बळावू शकणारा आजार असेल, लाइटने मायग्रेन किंवा फिट येत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीन चालू करू नका. बाकीच्यांनीही गॉगल लावायचाच.

क्लिनिकमध्ये फोटोडायनॅमिक थेरपी घेतली, म्हणजे आधी औषध लावून मग लाइट, तर वेगळी काळजी लागते: त्यानंतर निदान ४८ तास उन्हात जायचं नाही, खिडकीतून येणाऱ्या उन्हातसुद्धा नाही.

आणि लाइट सुरू केला म्हणून चालू क्रीम बंद करू नका. २०१६ च्या कॉक्रेन रिव्ह्यूतही (म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात) लाइट थेरपीचा पुरावा कच्चाच दिसतो, त्यामुळे ही जोडीला घ्यायची गोष्ट आहे, औषधाच्या जागी नाही. घरच्या मशीनला ८ ते १२ आठवडे द्या, नियमित, आणि दर आठवड्याला एकाच जागी एकाच उजेडात फोटो काढा, आरशात रोज बघून फरक कळत नाही. थांबवल्यावर काही आठवड्यांनी पिंपल्स परत आले तर मशीन बिघडलं असं नाही, बॅक्टेरिया परत वाढतात आणि तेल तर बनतच असतं. १२ आठवड्यांनंतरही फोटोत काहीच बदल नसेल तर ते फोटो घेऊन सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.